एक नग, डावा

लोकेशने उजव्या हाताने पत्र्याची गोल चकती प्रेसखालच्या साच्याच्या मध्यावर बसवली आणि हात पुरता बाहेर काढण्याआधीच पायाने पॅडल दाबलं. प्रेस धाडकन खाली आली. समोर उभ्या असलेल्या पाहुण्यांमधल्या एका बाईंनी डोळे गच्च मिटले. त्यांनी ते उघडले तेव्हा लोकेशच्या काळ्या बोटांच्या चिमटीत एक नवीकोरी वाटी होती आणि तो ती त्यांच्यापुढे धरून उभा होता.

"घ्या ना मॅडम. चावत नाही हा हात."

सगळे हसले. बाईंनी वाटी घेतली, पण त्यांची नजर त्या बोटांवरच राहिली. मग स्वाती मॅडम पुढे झाल्या. हा हात त्यांच्या कंपनीने बनवला होता. कंपनीत पैसे घालू पाहणाऱ्या लोकांना घेऊन त्या महिन्यातून एकदा तरी भाईंदर पूर्वेच्या या भांड्यांच्या गाळ्यात येत. त्यांनी समजावून सांगितलं की लोकेशने कोपराखालचा स्नायू आवळला की बोटं मिटतात, सैल सोडला की उघडतात. हा हात थकत नाही, भाजत नाही, थरथरत नाही. आजवर आपण गेलेला अवयव कसाबसा भरून काढत होतो, त्या म्हणाल्या, पण जन्माला येताना मिळालं तेवढ्यावरच माणसाने का थांबायचं? अजून वीस वर्षांनी धडधाकट माणसं असे हात मागून घेतील.

हे त्या मनापासून बोलत. लोकेशला त्या आवडायच्या. हात बसवल्यावर त्याने पहिल्यांदा पाण्याचा ग्लास उचलला होता, तेव्हा त्याच्या आधी त्यांचेच डोळे भरून आले होते.

त्याचा स्वतःचा उजवा हात दीड वर्षापूर्वी याच मशीनवर मनगटापासून गेला. त्यानंतर सरकारी तपासणी झाली आणि शेठना सगळ्या प्रेसना दोन-दोन बटणं बसवावी लागली, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नसे, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच मिटला. पण कामाचा वेग पडला. सुपरवायझर नीरज रोज मालाच्या थप्प्या बघून तोंड वाकडं करायचा. अशात कुणाच्या तरी ओळखीने स्वाती मॅडम आल्या. त्यांना हात वापरून दाखवायला अंगमेहनतीचं काम करणारा माणूस हवा होता. शेठना लोकेशचं पुढे काय करायचं हा प्रश्न पडला होता. दोघांचंही जमलं.

हात बसला, लोकेशला सराव झाला, आणि एक दिवस नीरजने त्याच्या मशीनची बटणं काढून पुन्हा पॅडल जोडलं. हा हात आत राहिला तर काय बिघडणार होतं? एकदा राहिलाच. करंगळी चेचली. नीरजने ड्रॉवरमधून नवी काढली, स्क्रू आवळून बसवली आणि चहा यायच्या आत लोकेश पुन्हा कामाला लागला. गाळ्यातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या बहुतेकांची कुठली ना कुठली बोटं अर्ध्यावरच थांबलेली होती. बोट बदलता येतं, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

वर्षभरात लोकेशइतका माल कुणाच्याच मशीनवर निघेना. बाकीचे सगळे कंत्राटावर होते. त्याला एकट्याला शेठनी कायम केलं. पेपरात त्याचा फोटो आला. चहाच्या सुटीत तो भट्टीतून आलेलं तापलेलं भांडं काळ्या हाताने उचलून दाखवी आणि म्हणे,

"खरं सांगू? आधीच्यापेक्षा हाच बरा."

हे ऐकायला सगळ्यात पुढे सुभाष असे. सुभाष मूळचा संगमेश्वरकडचा, शेजारच्या प्रेसवरचा. दोघं नऊ वर्षं खांद्याला खांदा लावून काम करत आले होते. अपघाताच्या दिवशी लोकेशला रिक्षात घालून, त्याचं मनगट स्वतःच्या शर्टात गुंडाळून नेणारा सुभाषच होता. तो आपला हात पुढे करून दाबून बघायला सांगायचा, लोकेश हळूच दाबायचा आणि सुभाष लहान मुलासारखा खूश व्हायचा.

लोकेश जे सांगत नसे ते वेगळं होतं. हात कंपनीच्या मालकीचा होता. सुटी झाली की तो कपाटात चार्जिंगला लावायचा, रजिस्टरमध्ये डाव्या हाताने सही करायची आणि निघायचं. नवघरच्या आपल्या खोलीवर तो शर्टाची बाही दुमडून, पिनेने अडकवून जात असे. पेपरातला फोटो बघून शेजारीपाजारी हात बघायला आले, तेव्हा त्याच्या बायकोने, संघप्रियाने, दारातूनच सांगितलं की तो दुरुस्तीला दिलाय. ते गेल्यावर बराच वेळ ती त्याच्याकडे न बघता भाजी निवडत राहिली. नवा हात ज्यात घट्ट बसवायचा त्या कपाच्या कडा थोट्या हाताला लागून जखमा झाल्या होत्या. ती रोज मलम लावून द्यायची आणि मॅडमना सांगा म्हणायची. त्याने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जखमा भरेपर्यंत हात काढून ठेवायला लागला असता, आणि तेवढ्या दिवसांत शेठना दुसरं काहीतरी सुचलं असतं.

दिवाळीच्या आधी मोठी ऑर्डर आली. नीरजने सुभाषच्या मशीनचीही बटणं काढली. पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, लोकेशच्या बरोबरीने माल निघाला पाहिजे, असं तो म्हणाला. सुभाषने मान डोलावली. लोकेश त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि पुढची चकती साच्यावर ठेवली.

अकराव्या दिवशी, जेवणानंतर, सुभाषचा डावा हात आत राहिला. लोकेशला वेगळं काही ऐकूच आलं नाही. प्रेसचा आवाज नेहमीसारखाच आला होता. त्याने सहज वळून पाहिलं तेव्हा सुभाष मशीनसमोर उभाच होता आणि आपल्या हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत होता.

त्याला मीरा रोडच्या एका इस्पितळात नेलं. तीन बोटं गेली होती. अंगठा आणि शेजारचं बोट वाचवता येईल, डॉक्टर म्हणाले, पण त्यासाठी तीन ऑपरेशनं लागतील, वेळ लागेल आणि खात्री काही देता येणार नाही. एवढी तयारी नसेल तर मनगटापासून काढून टाकणं सोपं. काय ते उद्यापर्यंत ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाषची बायको मिनल गाळ्याच्या दारात येऊन उभी राहिली. लोकेश हात पुसत बाहेर आला.

"ते डॉक्टरांना सांगतायत, सगळाच काढा," ती म्हणाली.

नीरज इस्पितळात येऊन गेला होता. शेठ सुभाषलाही असाच हात बसवून देतील, कायमही करतील, असं सांगून गेला होता. अडचण एकच होती. उरलेल्या दोन बोटांच्या पंजावर हा हात बसत नाही. त्याला मनगटापासून मोकळी जागा लागते.

"तुमचं ऐकतील ते, लोकेशभाऊ," मिनल म्हणाली. "अंगठा आहे अजून. हलतोय तो. मी बघितलाय हलताना."

लोकेश दोन तासांची सुटी मागायला गेला तेव्हा नीरजने ती लगेच दिली. वर हात घालूनच जा म्हणाला, सुभाषला नीट बघू दे, त्याला धीर येईल. हात बाहेर नेत असल्याची नोंद त्याने स्वतःच रजिस्टरमध्ये केली. मॅडमच्या बाहेरच्या कार्यक्रमांशिवाय हात गाळ्याबाहेर पडण्याची ती पहिलीच वेळ होती. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा शेजारच्या स्कूटरवरचा माणूस वाकून हाताकडे बघायला लागला. लोकेशने त्याच्याकडे न बघता बोटं एकदा मिटून उघडली. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने हात मांडीखाली सारला.

सुभाषचा पलंग खिडकीपाशी होता. डावा हात पांढऱ्या बँडेजमध्ये उशीवर ठेवलेला. लोकेशला बघून त्याचा चेहरा उजळला.

"घेऊन आलास? बरं केलंस."

लोकेश स्टूलवर बसला. काय बोलायचं ते त्याने रिक्षात ठरवलं होतं, पण ते आता आठवेना. त्याने कपाचा पट्टा सोडला, काळा हात काढून पलंगावर ठेवला आणि आपला थोटा हात सुभाषच्या पुढे धरला. जखमांना आंबूस वास येत होता. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मिनलने तोंड फिरवलं.

"हा घरी येत नाही," लोकेश म्हणाला. "सुटी झाली की कपाटात जातो. घरी मी असाच असतो."

"कधी बोलला नाहीस."

"नाही बोललो."

मग तो बोलत राहिला. नसलेली बोटं अजून दुखतात. त्या हाताला वाटी ओली आहे की कोरडी ते कळत नाही. पोरीचं अंग तापलंय का बघायचं तर डावाच हात लावावा लागतो, आणि एकदा घाईत, मॅडमच्या बाहेरच्या कार्यक्रमाहून परस्पर घरी गेला असताना, त्याने उजवा लावला तर ती दचकून रडायला लागली होती. सांगता सांगता त्याचं त्यालाच नवल वाटलं, एवढं सगळं त्याच्याजवळ साठलेलं होतं.

सुभाष ऐकत होता की नाही कोण जाणे. चांगल्या हाताने त्याने तो काळा हात उचलून मांडीवर घेतला होता. एकेक बोट मिटवून बघत होता, उघडून बघत होता. अंगठा त्याने गोल फिरवून पाहिला. तळव्यावरचं रबर नखाने खरवडून पाहिलं.

"तू कायम झालास," तो म्हणाला. "दोन बोटांचा माणूस कोण ठेवणार प्रेसवर? सांग ना."

लोकेशने खिडकीबाहेर पाहिलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी बस मागे घेत होतं आणि तिची पिपाणी वाजत होती.

"याच्यात डावा असतो ना?" सुभाषने विचारलं.

असतो, हे लोकेशला माहीत होतं. मॅडम पाहुण्यांना देत त्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर दोन्ही हात जोडून ठेवलेले होते, नमस्कार केल्यासारखे.

"नाही," तो म्हणाला. "डावा बनवत नाहीत."

"बनवत नाहीत?"

"मागणी नाही म्हणे. उजवाच बनवतात."

"नीरज तर म्हणाला, देतो."

"नीरजला काय ठाऊक? मी मॅडमना विचारून आलोय."

सुभाष त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. लोकेशने नजर वळवली नाही; वळवली तर संपलंच, हे त्याला कळत होतं. शेवटी सुभाषने मांडीवरचा काळा हात चांगल्या हाताने जपून चादरीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दुपारीच त्याने बोटं वाचवण्याच्या ऑपरेशनवर सही केली. नीरज पुन्हा इस्पितळात गेला तोवर पहिलं ऑपरेशन होऊन गेलं होतं, आणि मग त्यानेही विषय काढला नाही.

तपासणीची माणसं आली त्या आठवड्यात सगळ्या मशीनना बटणं होती. ती गेल्यावर लोकेशच्या मशीनची पुन्हा निघाली, मग सुभाषच्या जागेवर आलेल्या माणसाच्या मशीनचीही.

सुभाषची दोन्ही बोटं वाचली. पण तो म्हणाला होता तसंच झालं. दोन बोटांनी प्रेस चालत नाही आणि दोन बोटं असताना नवा हातही बसत नाही, म्हणून शेठनी त्याला हात जोडून निरोप दिला. त्याला बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं. दोन महिन्यांत तेही सुटलं. लोकेश दोनदा त्याच्या घरी जाऊन आला. दोन्ही वेळा तो झोपलाय असं मुलाने सांगितलं, आणि दोन्ही वेळा आतून टीव्हीचा आवाज येत होता. परत येताना लोकेश मनात म्हणे, रागावू दे. अंगठा आहे ना. कधीतरी कळेल त्याला.

मिनल त्याला भाईंदरच्या रविवारच्या बाजारात भेटली. ती आता तीन घरी स्वयंपाक करत होती. तिच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुड्या होत्या, बहुतेक त्या घरांसाठीच्या.

"अंगठा चालतो ना, वहिनी?" लोकेशने विचारलं.

"चालतो. शर्टाची बटणं लावतात स्वतःची." तिने जुड्या पिशवीत आत ढकलल्या. "लावून बसून राहतात. जायचं कुठे असतं?"

ती पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिली.

"डावा असतो, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या तोंडावरून. मी गप्प बसले."

"वहिनी, मी..."

"तुम्ही माझ्या सांगण्यावरून आला होतात. तुम्हाला कशाला बोलू?" ती म्हणाली. "पण आता वाटतं, तेव्हा बोलायला हवं होतं मी. ह्यांना अजून माहीत नाही. सांगू नका."

एवढं बोलून ती गर्दीत निघून गेली. लोकेश काय घ्यायला आला होता ते विसरला आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आला.

फेब्रुवारीत स्वाती मॅडम एका पेटीसह आल्या. या वेळी बरोबर पाहुणे नव्हते. कपाटाजवळच्या टेबलावर त्यांनी पेटी उघडली तेव्हा जवळच्या मशीन आपोआप थांबल्या. आत फोममध्ये खाच करून काळा हात ठेवलेला होता. लोकेशच्या हातापेक्षा नवा, थोडा बारीक, बोटांच्या टोकांना राखाडी रबर. त्याचा अंगठा उजवीकडे होता. तो डावा आहे हे लोकेशच्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

मॅडमनी कौतुकाने सांगितलं की या हाताला आता थोडा स्पर्शही कळतो. मग त्यांनी पिशवीतून मोजपट्टी काढली. हात तयारच असतो, पण कप माणसाच्या मापाचा लागतो. कुणाचं माप घ्यायचं, त्यांनी नीरजला विचारलं. शेठ फोनवर म्हणाले होते की एक डावा पाठवा, आणि मॅडमना वाटलं होतं सुभाषसाठी असेल.

"नाही, तो गेला सोडून," नीरज म्हणाला. तो रजिस्टरमध्ये लिहीत होता. एक नग, डावा. "सध्या कुणाचं नाही. ठेवून द्या. लागेल."

मॅडम काहीतरी बोलायला गेल्या. त्यांनी मशीनच्या रांगेकडे पाहिलं, मग हातातल्या मोजपट्टीकडे, आणि ती गुंडाळून पुन्हा पिशवीत टाकली. त्यांनी लोकेशकडे बघायचं टाळलं. नीरजने पेटी कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि कुलूप लावलं.

चहा आला. लोकेश आपला ग्लास घेऊन दाराजवळच्या पोत्यांवर जाऊन बसला. थोड्या वेळाने रामू त्याच्या शेजारी येऊन टेकला. रामू तीन नंबरच्या प्रेसवर होता, चाळिशीचा, गावाकडे दोन मुली. सहा वर्षं तो कंत्राटावर होता आणि गेल्या आठवड्यात निघालेल्या, कमी करायच्या माणसांच्या यादीत त्याचं नाव असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. दहाही बोटं शाबूत असलेला गाळ्यात तो एकटाच उरला होता.

दोन्ही तळव्यांत ग्लास धरून तो बराच वेळ चहाकडे बघत राहिला. मग त्याने मान वर न करता, आजूबाजूला कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं,

"लोकेशभाई, दर्द कितने दिन रहता है?"